माझ्या नखाची डिलक्स रूम

माझ्या पायाच्या अंगठ्याचं नख काढायला जेवढं बिल झालं, त्याहून कमी पैशात आमच्या थोरल्या जाऊबाईंचं आख्खं पित्ताशय निघालं होतं. खड्यांसकट!

आता नख आणि पित्ताशय यांची तुलना कशाला, असं कुणी विचारेल. ज्या बाईला जाऊ नाही तिनेच विचारावं. आमच्या घरात सगळ्याची तुलना होते. निर्मलावहिनींची (ह्या थोरल्या, राहायला घाटकोपरला) सोलकढी आणि माझी सोलकढी, त्यांच्या मुलाचे मार्क आणि माझ्या मुलीचे मार्क, त्यांच्या सोसायटीची लिफ्ट आणि आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगचे तीन जिने. ही तुलना घरात दुसरं कुणीच करत नाही हो. मी एकटीच करते, आणि दरवेळी मीच हरते. मी जळते. आधीच सांगून टाकलेलं बरं, उगाच नंतर कुणी म्हणायला नको.

सगळ्यात जास्त मी जळते ती त्यांच्या पाटल्यांवर. चांगल्या जाडजूड, जुन्या घडणीच्या पाटल्या आहेत. लग्नाकार्यात वहिनी कुणाशी बोलायला लागल्या की दर दोन वाक्यांनंतर पदर सावरतात. पदर मुळीच घसरलेला नसतो! पण पदर सावरायला हात वर न्यावा लागतो, आणि हात वर गेला की पाटल्या दिसतात. मग समोरची बाई विचारते, "अगं बाई, केवढ्याच्या?" आणि शेजारी मी उभी असते, दोन काचेच्या बांगड्या घालून, नुसती हसत.

म्हणून मी भिशी लावली होती. बिल्डिंगमधल्या बायकांची, दर महिन्याला एकीचा नंबर. यंदा माझा नंबर लागला आणि हातात एकरकमी पैसे आले. नणंदेच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. त्या लग्नात माझ्या हातात पाटल्या असणार आणि वहिनींच्या शेजारी उभी राहून मीसुद्धा न घसरलेला पदर सावरणार, हे अगदी पक्कं होतं. सोनाराकडे डिझाइनही बघून ठेवलं होतं. वहिनींच्या पाटल्यांपेक्षा एक वेल जास्त!

एवढ्यात वहिनींचं पित्ताशय मधे आलं.

त्यांना घाटकोपरच्याच एका हॉस्पिटलात ठेवलं होतं. संध्याकाळी भेटायच्या वेळेला आम्ही दोघं शहाळी घेऊन गेलो, तर वहिनींनी फोनवर सांगितलं, "थेट वरच्या मजल्यावर या, लिफ्टसमोरची खोली." खोलीत पाऊल टाकलं आणि माझ्या हातातलं शहाळं खाली पडता पडता राहिलं. ती काय खोली होती! गुबगुबीत सोफा, फुलाफुलांचे पडदे, भिंतीवर हा एवढा टीव्ही, कोपऱ्यात छोटा फ्रिज. आणि सोफ्यावर अंगावर शाल घेऊन निर्मलावहिनी, शेजारी सलाइनचा स्टँड!

खाटेवर मात्र एक म्हाताऱ्या बाई झोपल्या होत्या. अंगभर चादर, डोळे घट्ट मिटलेले.

"ह्या कोण?" मी विचारलं.

"ग्रेसीआंटी," वहिनी हळूच म्हणाल्या. "इथल्याच गावठाणातल्या. मला सोबतीला थांबतात. दमल्या बिचाऱ्या, म्हटलं पडा जरा माझ्या खाटेवर."

पेशंट सोफ्यावर आणि सोबतीण खाटेवर! दुसरी कुणी असती तर तिच्या डोक्यात काहीतरी आलं असतं. पण माझ्या डोक्यात जाळ झाला होता, तिथे दुसरं काही शिरायला जागाच नव्हती. मला एवढंच दिसलं, की हिला सोबत करायला माणसं दमून झोपेपर्यंत थांबतात. आणि माझ्या बाळंतपणात आमचे हे बाहेरच्या बाकावर घोरत पडले होते!

वर माणसांची रीघ. नणंदबाई थर्मासातून पेज घेऊन आलेल्या. (मला ताप आला की मीच उठून पेज करते, आणि ह्यांनाही वाढते.) कुणी मोसंबी आणतंय, कुणी बिस्किटं. गावाहून सासूबाईंचा फोन, "निर्मला जेवली मां?" आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सोफ्यावरचा फोटो, त्याच्याखाली फुलं, हात जोडलेले, बदाम. चार दिवस तो ग्रुप नुसता वाहत होता.

घरी येताना रिक्षात मी धुसफुसत होते. शेवटी म्हटलं, "मला मेलीला कधी काही होतच नाही."

"बरंच आहे की," हे म्हणाले.

"तुम्हाला नाही कळायचं."

देवाने ऐकलं. दोन-तीन आठवड्यांतच माझ्या उजव्या अंगठ्याचं नख आत वाढून मांसात रुतलं. बोट टोमॅटोसारखं लाल, चप्पल घालवेना, ठणका नुसता. मी लंगडत थेट वहिनींच्याच हॉस्पिटलात गेले. मुलुंडमध्ये दवाखाने नाहीत का? पावलापावलावर आहेत! पण त्यांच्या पित्ताशयाला जे डॉक्टर चालले, तेच माझ्या नखाला हवे होते.

डॉक्टरांनी बोट दाबलं, मी किंचाळले, ते हसले.

"काही नाही, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. बोटापुरती भूल देतो, नख काढतो, की घरी."

"घरी?" माझा चेहराच पडला. "म्हणजे अॅडमिट नाही करणार?"

"नखासाठी?"

"डॉक्टर, मला ना, फार धडधडतं," मी छातीवर हात ठेवला. (धडधडत होतंच, पण वेगळ्या कारणाने.) "एक दिवस तरी ठेवून घ्या."

डॉक्टरांनी माझ्याकडे नीट बघितलं. असे पेशंट त्यांना रोज भेटत नसावेत. "राहायचंच असेल तर राहा बुवा एक दिवस," ते म्हणाले, "माझी काही हरकत नाही."

आमचे हे तेव्हा स्कूटर लावायला जागा शोधत होते. घाटकोपरमध्ये स्कूटर लावायला जागा शोधणं म्हणजे अर्ध्या तासाची निश्चिंती. तेवढ्यात मी काउंटर गाठला. तिथे हेतल नावाची मुलगी बसली होती, गोड होती अगदी.

"कुठली रूम देऊ, आंटी? जनरल, शेअरिंग, की..."

"वरच्या मजल्यावरची. लिफ्टसमोरची, सोफ्याची. माझ्या जावेला दिली होती ना, तीच!"

"ती डिलक्स आहे, आंटी. तिचा रेट जरा..."

"रेट मला माहितेय," मी म्हटलं.

कुठला माहीत असायला! मला वाटलं, असून असून किती असणार, हॉटेलात एसी आणि बिनएसी खोलीत असतो तेवढा फरक असेल. वहिनींना परवडते, मला परवडत नाही? त्यांच्या मिस्टरांचा पगार काय आमच्या ह्यांच्यापेक्षा फार आहे? (आहे. पण ते जाऊ दे.) हे घामाघूम होऊन आले तेव्हा मी सांगून टाकलं, "दुसरी खोलीच रिकामी नव्हती हो. काय करणार!"

नख निघालं. खरंच पाच-दहा मिनिटांत निघालं. मग मला चाकाच्या खुर्चीतून वर नेऊन त्या खोलीत सोडलं. मी सोफ्यावर बसून बघितलं, खाटेवर झोपून बघितलं, फ्रिज उघडून बघितला. मग बँडेज केलेला पाय उशीवर ठेवून, मागे पडदे दिसतील असा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "अॅडमिट आहे. काळजी करू नका." आणि दाराकडे तोंड करून, केस नीट करून, काळजी करणाऱ्यांची वाट बघत बसले.

पहिलं उत्तर नणंदेचं आलं. "नखच ना गं?" त्यापुढे हसणारं तोंड. पुतण्याने नुसता अंगठा पाठवला. सासूबाईंचा फोन आला खरा, पण त्या म्हणाल्या, "नखुरड्याक कोण गो अॅडमिट होता? हळद नाय घरात?" आणि निर्मलावहिनींनी लिहिलं, "खोली छान आहे हं." बस्स. एवढंच. त्या "हं"वर मी तासभर विचार करत होते.

भेटायला मात्र माणसं आली. आमच्यातली नव्हे, हॉस्पिटलातली. एक डॉक्टर दारातूनच डोकावले, "कसं वाटतंय?" मी म्हटलं, "बरं आहे," आणि ते गेले. थोड्या वेळाने दुसरे डोकावले, तेही गेले. मग एक आहारतज्ज्ञ बाई येऊन पाणी भरपूर प्या म्हणून सांगून गेल्या. मग एक तरणाबांड फिजिओथेरपिस्ट आला, त्याने मला पायाची बोटं हलवायला लावली आणि "व्हेरी गुड!" म्हणाला. माझा ऊर भरून आला. घरच्यांना नसेना का किंमत, परकी माणसं किती जीव लावतात, असं मी ह्यांना दोनदा सांगितलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिल आलं.

ह्यांनी ते वाचलं आणि ते हळूच सोफ्यावर बसले. आकडा मी सांगणार नाही. एवढंच सांगते, की माझ्या पाटल्या त्यात गेल्या होत्या. वेलासकट!

"कुणाचं तरी हार्टचं बिल आपल्याला दिलंय," हे म्हणाले. "नाव बघ. नाव आपलंच आहे गं. असं कसं?"

"बघून या ना खाली," मी पडल्या आवाजात म्हटलं.

आता आमच्या ह्यांना भांडता येत नाही. रिक्षावाल्याने मीटरपेक्षा जास्त मागितले तर हे पैसे देऊन वर त्याला "थँक्यू" म्हणतात. ते खाली गेले आणि लगेच परत आले.

"बिल बरोबर आहे म्हणतात."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"थँक्यू म्हणालो." मग म्हणाले, "पण तू काळजी करू नकोस. मी वहिनींना फोन केलाय. त्या निघाल्यात."

आता माझी धडगत नव्हती. निर्मलावहिनी म्हणजे साधं प्रकरण नाही. घाटकोपरच्या मासळी बाजारात त्या शिरल्या की कोळणी पापलेटांवर फडकं ओढतात. बिल कमी करायचं तर त्यांच्यासारखं माणूस नाही, हे खरं. पण त्या खोदत खोदत खोलीपर्यंत पोचल्या, आणि ती खोली मी स्वतः मागून घेतली, तीही त्यांच्या बरोबरीसाठी, हे त्यांना कळलं तर? त्यापेक्षा मी दोन्ही पायांची उरलेली नऊ नखं काढून दिली असती!

"कशाला त्यांना त्रास? भरून टाकू पैसे," मी म्हटलं.

"भरून टाकू? तुझ्या पाटल्यांचे आहेत ते!"

"नकोत मला पाटल्या."

ह्यांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

मला खुर्चीतून खाली काउंटरसमोर आणून ठेवेपर्यंत वहिनी हजर. काखेत पर्स, हातात पाटल्या, डोळ्यांत ती मासळी बाजाराची चमक. "कसं वाटतंय?" वगैरे काही नाही. थेट ह्यांच्या हातातलं बिल घेतलं, चष्मा लावला आणि काउंटरवर कोपर टेकलं. पलीकडे हेतलच होती. मी पटकन ओढणी डोक्यावरून घेतली.

"हे काय गं? आहारतज्ज्ञ?" वहिनींनी सुरुवात केली. "नखाला काय बदाम खायला घालायचे होते?"

"आंटी, ती व्हिजिट असते..."

"आणि फिजिओथेरपी! कुणाची फिजिओथेरपी? नखाची? ते तर तुम्ही काढून कचऱ्यात टाकलंत!"

बाकावरचे पेशंट हसायला लागले. एक काका तर स्वतःचं बिल बाहेर काढून वाचायला लागले.

"दोन डॉक्टरांच्या व्हिजिटा. काय केलं त्यांनी? सुजाता, काय केलं गं त्यांनी?"

"डोकावले," मी ओढणीतून म्हणाले.

"डोकावले! ऐकलंत? डोकावायचे पैसे! आमच्या बिल्डिंगमध्ये सगळेच डोकावतात, त्यांना बिलबुक छापून द्यायला हवं!"

हेतल गडबडली. आत जाऊन कुणाला तरी विचारून आली आणि डोकावण्याचे, बदामांचे आणि बोटं हलवण्याचे पैसे काढून टाकले. बाकावरच्या काकांनी टाळीच वाजवली. मला मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार बसत होता. ही बाई माझ्यासाठी जिवाच्या आकांताने भांडत होती, आणि जितकी जिंकत होती तितकी माझी वाट लागत होती.

"पुष्कळ झालं वहिनी, चला आता," मी त्यांचा पदर ओढला.

"तू गप्प बस. तू आजारी आहेस!"

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला आजारी म्हटलं. आणि ते अशा वेळी!

वहिनींचं बोट आता ऑपरेशनच्या फीवर आलं. "हे बघ पोरी. ह्याच डॉक्टरांनी माझं पित्ताशय काढलं. माझ्या बिलात ह्याच्या निम्मीसुद्धा फी नव्हती. मला सांग, पित्ताशय मोठं की नख मोठं?"

"आंटी, तसं नसतं," हेतल रडकुंडीला आली होती. "रूम जशी घ्याल तसा सगळ्याचा रेट वाढतो. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, सिस्टर, सगळ्याचा. रूम डिलक्स, तर सगळंच डिलक्स."

हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. म्हणजे मी नुसता सोफा नव्हता घेतला. कात्रीसुद्धा डिलक्स घेतली होती, कापूससुद्धा डिलक्स! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात, इथे तर कोंबडीही नव्हती, नुसतं तिचं नख होतं.

"मग नखाला डिलक्स दिलीतच कशी?" वहिनी कडाडल्या. "साधी बाई बघून गळ्यात मारता?"

"आम्ही नाही मारली!" हेतलचाही आवाज चढला. "ह्यांनीच मागितली. मी रेट सांगत होते, तर म्हणाल्या मला माहितेय. म्हणाल्या, माझ्या जावेला दिली होती तीच पाहिजे!"

बाकावरच्या काकांनी बिल खाली ठेवलं. हे माझ्याकडे वळले.

"तू तर म्हणालीस, दुसरी रिकामी नव्हती?"

मी ओढणी आणखी पुढे ओढली. आता वहिनी हसणार, ग्रुपवर टाकणार, लग्नात मांडवभर सांगणार, पाटली चमकवत सांगणार! मी डोळे मिटून वाट बघत राहिले.

वहिनी हसल्याच नाहीत. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी बिल घाईघाईने ह्यांच्या हातात कोंबलं. "बरं बरं, असू दे. पैसे कमी झालेत ना? भरून टाका आणि चला. उगाच भांडणं कशाला?"

उगाच भांडणं कशाला? निर्मलावहिनी? मी ओढणी मागे सारली. काहीतरी भलतंच होतं. तेवढ्यात मागून काठीचा टक टक आवाज आला आणि कुणीतरी खणखणीत हाक मारली.

"अगो निम्मी! आज परत माझ्या सोफ्यावर बसायला आलीस काय?"

ग्रेसीआंटी! एका पायाला बँडेज, हातात काठी. साखरेमुळे पायाची जखम लवकर भरत नव्हती, म्हणून त्या ड्रेसिंगला यायच्या. वहिनी त्यांना डोळ्यांनी काहीतरी खुणावत होत्या, पण आंटींचे डोळे तेवढे चांगले नसावेत.

"तुमचा सोफा?" मी विचारलं.

"मग कोनाचा? माझी खोली होती ती. माझ्या पोराने घेऊन दिलेली. ही खालच्या मोठ्या वॉर्डात होती. भेटायची वेळ झाली की सलाइन घेऊन लिफ्टने वर यायची. मी म्हटलं, बस गो बाय, सोफा काय झिजतो? पन कोन आलं की मला सांगायची, आंटी, डोळे मिटून पडा, बोलू नका." त्या हसायला लागल्या. "मोसंबी मात्र आम्ही अर्धी अर्धी केली हां! तू तीच ना, शहाळीवाली? आवाजावरनं वळखलं. गोड होतं पानी."

माझी शहाळी! ती पण!

आंटी ड्रेसिंगला आत गेल्या. वहिनी माझ्या खुर्चीशेजारच्या बाकावर धपकन बसल्या. पदर खरंच घसरला होता, पण सावरायचं भान नव्हतं.

"वहिनी, तुम्ही जनरलमध्ये होतात?"

"मग कुठे असणार? आमचं घराचं कर्ज फिटतंय अजून."

"आणि मी तुमची बरोबरी करायला..." ज्या खोलीवर जळून मी पाटल्या घालवल्या, ती खोली त्यांचीसुद्धा नव्हती! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी तर पाय दाखवला होता. "पण असं का केलंत हो?"

वहिनींनी पर्सचा बंद ओढला. मग म्हणाल्या, "तुझ्या बाळंतपणात तुझ्या वडिलांनी सिंगल रूम घेतली होती. आठवतं? मी डबा घेऊन आले होते. खिडकीला पडदा, उशाशी टेबल, टेबलावर फुलं. आणि माझ्या वेळी म्युनिसिपालटीच्या दवाखान्यात एका खाटेवर दोघी होतो, पाय कुठे ठेवायचा कळत नव्हतं. तू त्या पडद्याशेजारी झोपून सगळ्यांशी बोलत होतीस ना, तेव्हा वाटलं, आपल्यालाही एकदा असं मिळावं. चार माणसांनी यावं, बघावं."

"म्हणजे तेव्हापासून तुम्ही माझ्यावर जळताय?"

"जळतेय," वहिनी चिडून म्हणाल्या. "मग? जळू नको?"

खरं सांगू? मला बाई इतकं बरं वाटलं! पायाचा ठणका गेला, बिलाचं दुःख गेलं. एवढी वर्षं मला वाटत होतं की आमच्या घरात जळणारी मी एकटीच. आणि माझ्यावर कुणीतरी जळत होतं! माझ्यावर! तेही निर्मलावहिनी! माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. वहिनींना वाटलं मला वाईट वाटलं, त्यांनी माझा हात धरला. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

"दोघींचं झालं असेल तर पैसे भरू का?" हे मागून म्हणाले.

भरले. भिशीचे जवळजवळ सगळेच गेले. हेतलने पावती दिली, हे तिला "थँक्यू" म्हणाले. बाहेर रिक्षा थांबवता थांबवता वहिनींनी ह्यांना दम दिला, "भाऊजी, ह्यातलं एक अक्षर घरी बोलायचं नाही. तिचं नाही आणि माझंही नाही." झाकली मूठ सव्वा लाखाची. आमची तर दोघींची मूठ झाकलेली, आणि त्यातली माझी तर काउंटरवर बिल भरून रिकामी झालेली! सासूबाईंचा तेवढ्यात फोन आलाच, "नखाचे किती झाले गो?" वहिनींनी फोन माझ्या हातातून घेतला आणि सांगितलं, "काही नाही आई, किरकोळ."

लग्नाचा दिवस उजाडला. मी मुद्दाम लांब बाह्यांचं ब्लाउज शिवून घेतलं होतं, मनगटं झाकतील असं. वधूपक्षाच्या खोलीत बायकांची साड्या नेसायची धांदल चालली होती. मी कोपऱ्यात निऱ्या घालत होते, तोच वहिनी आल्या, मला बाथरूममध्ये ओढलं आणि कडी लावली.

"हात पुढे कर."

त्यांनी स्वतःच्या एका हाताला साबण लावला आणि पाटली ओढायला लागल्या. निघता निघेना. शेवटी दोघींनी मिळून ओढली, तेव्हा कुठे निघाली. ती त्यांनी माझ्या हातात घातली.

"वहिनी, अहो, हे काय?"

"एक तू घाल, एक मी घालते. कुणी विचारलं तर सांगायचं, हल्ली एकेकच घालायची फॅशन आहे."

"पण..."

"पण नाही नि बिण नाही. आणि त्या बाह्या वर कर आधी, दिसणार कशी?"

एवढ्या वर्षांची सगळी आग त्या साबणाच्या पाण्यात विझली म्हणा ना. मी वाकून नमस्कारच करणार होते, पण त्या म्हणाल्या, साडी भिजेल.

मग आम्ही दोघी मांडवाच्या दारात शेजारी शेजारी उभ्या राहिलो. माणसं आली की त्या पदर सावरायच्या, की लगेच मी पदर सावरायची. तीन जणींनी मला विचारलं, "अगं बाई, केवढ्याची?" एकीने तर एकेक घालायची फॅशन कुठल्या सोनाराने काढली तेही विचारलं. वहिनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होत्या. सगळं कसं झकास चाललं होतं. इतकं सुख मला माझ्या स्वतःच्या लग्नातसुद्धा झालं नव्हतं.

फक्त एक गोष्ट. अक्षता टाकताना आमचे दोघींचे हात शेजारी शेजारी आले आणि माझं लक्ष गेलं. एकाच जोडातल्या पाटल्या, एकाच सोनाराने एकाच दिवशी घडवलेल्या, मान्य आहे. पण मी दोनदा नीट बघितलं. त्यांनी स्वतःच्या हातात ठेवलेली जरा जाड होती!